पाट, पाव आणि वेल्श भाषा

गेल्या आठवड्यात बेळगावजवळच्या येळ्ळूरला मावशीकडं गेलेलो. भाताची लावण चालू होती, ती वरच्या खाचरातलं पाणी खालच्या खाचरात सोडायला बांध फोडत होती आणि मला एकदम रेचल जेंकिन्स आठवली. ही कोण, तर दीडशे वर्षांमागं वेल्समधून पार अर्जेंटिनाच्या पॅटागोनियात जाऊन राहिलेल्यांतली एक शेतकरीण. मग बांधावर बसूनच सगळी गोष्ट मावशीला सांगितली, आणि आता इथं लिहितोय कारण गेले कित्येक महिने ही माणसं माझ्या डोक्यातून जात नाहीयेत.

वेल्स म्हणजे इंग्लंडला चिकटलेला छोटा देश, भाषा मात्र पूर्ण वेगळी. १८४७ साली तिथल्या शाळांवर सरकारी रिपोर्ट आला, त्यात लोक मागं का राहिले तर त्यांच्या भाषेमुळं असा ठपका. कितीतरी शाळांत पोरगं वेल्श बोललं की गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे, दुसरं कोण बोललं की तो त्याच्या गळ्यात, आणि दिवस संपताना ज्याच्याकडं सापडेल त्याला छड्या. आमच्या शाळेत मराठी बोललं की दंड घ्यायचे, त्यामुळं हे वाचताना पोटात कसंतरीच झालं.

बाला गावचे धर्मोपदेशक मायकेल डी. जोन्स यांनी बघितलेलं की अमेरिकेत गेलेली आपली माणसं थोड्याच वर्षांत इंग्रजी होऊन जातात. म्हणून त्यांनी ठरवलं, जायचं तर जिथं इंग्रजी नाहीच अशा ठिकाणी. २८ मे १८६५ ला मिमोझा नावाचं जहाज दीडशेच्या वर माणसं घेऊन लिव्हरपूलहून निघालं आणि २८ जुलैला आजच्या पुएर्तो माद्रिनच्या किनाऱ्याला लागलं. त्यात खाणकामगार होते, शिंपी होते, शेतकरी मोजकेच. हिरवीगार जमीन मिळणार म्हणून सांगितलेलं, समोर बघतात तर खुरटी झुडपं आणि प्यायला गोडं पाणी नाही. तिथून चुबुत नदीच्या खोऱ्यात चालत जावं लागलं. सुरुवातीची पिकं गेली, कारण पाऊसच नाही. १८६७ मध्ये रेचल नवऱ्याला, ॲरनला म्हणाली म्हणतात, की नदी भरून वाहतेय तर चर खणून पाणी शेतात घेऊया की. पाणी आलं, गहू तरला. मग सगळ्यांनीच पाट खणले, पुढं कालव्यांचं जाळंच झालं.

तोवर जगले कसे? तिथल्या मूळच्या तेवेल्चे लोकांमुळं. त्यांनी शिकार शिकवली, मांस दिलं, बदल्यात पाव नेला. वेल्शमध्ये पावाला ‘बारा’ म्हणतात, आणि ते लोक येऊन मागायचे ‘पोको बारा’, म्हणजे अर्धं स्पॅनिश अर्धं वेल्श, थोडा पाव दे. आमच्या बाजारात नाही का, ‘एष्टु झालं वो’ म्हणतात, म्हणजे किती झालं, अर्धं कानडी अर्धं मराठी, तसंच अगदी! पण त्याच तेवेल्चेंना नंतर अर्जेंटिनाच्या फौजेनं मारून हाकलून जमिनी घेतल्या, आणि हा भाग सोडून नुसतं वेल्श लोकांचं कौतुक केलं तर मला ते खोटं वाटतं.

कारभार मात्र बघण्यासारखा. शाळा वेल्शमध्ये, कोर्ट वेल्शमध्ये, हिशोब वेल्शमध्ये आणि अठराच्या वरच्या बायकांनाही मत, हे सगळं त्या काळात.

पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते १९०२ नं. डोंगराच्या पायथ्याला त्रेवेलिन गावाकडं वस्ती वाढलेली, आणि ते खोरं अर्जेंटिनाचं की चिलीचं यावर दोन देशांत वाद. लवाद ब्रिटनचा, जागेवर बघायला आलेले अधिकारी होते सर थॉमस होल्डिच, आपल्याकडं हिंदुस्थानच्या सरहद्दीवर सर्व्हे केलेले गृहस्थ. ३० एप्रिलला शाळेत लोकं जमली, त्यांना विचारलं, तुम्हाला कुणाकडं राहायचंय? ते म्हणाले अर्जेंटिना. निकालही तसाच लागला. हे वाचून मी दहा मिनिटं तसाच बसून होतो. आमच्याकडं, बेळगावच्या सीमाभागात, १९५६ पासून महाराष्ट्रात घ्या, सीमा ठरवताना खेडं हा घटक धरा म्हणून मागणी, महाजन आयोग झाला, २००४ पासून केस सुप्रीम कोर्टात, आजोबा वाट बघत गेले.

आणि ज्यांना निवडलं त्यांच्याच सरकारनं शाळांत स्पॅनिश आणलं की! १८९९ च्या पुरात घरं, चॅपल म्हणजे त्यांची प्रार्थनाघरं वाहून गेली, काही जण तर कंटाळून कॅनडाला गेले. तरी वेल्श राहिली, कारण चॅपलात गाणं होतं, १८९१ पासून ‘अ द्रावोद’ नावाचं पेपर होतं, आणि आयस्तेद्वोद म्हणजे कविता-गाण्यांचा मेळा. १९६५ ला शंभर वर्षं झाली तेव्हा वेल्समधून माणसं भेटायला आली नि त्याला परत जोर आला. मला आमच्याकडचं कडोलीचं, उचगावचं साहित्य संमेलन आठवलं, मांडवात खुर्च्या मांडणारी पोरं आठवली.

मावशीनं हे सगळं शांत ऐकलं. सीमेचं काही बोलली नाही. म्हणाली, ‘मग त्या बाईचं गहू चांगलं पिकलं काय?’

पिकलं. १८८९ ला पॅरिसच्या प्रदर्शनात त्या खोऱ्यातल्या गव्हाला बक्षीस मिळालं. ‘बघ’, म्हणाली, आणि पुढच्या बांधाकडं गेली.