आमची वाटचाल : मुखपृष्ठ आमचं, आवृत्तीही आमची

चादरींची लेबलं आणि लग्नपत्रिका छापून साखर पेठेतला आमचा छापखाना उभा राहिला. पुस्तकं नंतर आली. टीव्हीवरच्या विज्ञानमालिकेवर बेतलेली कादंबरी सोलापुरातून कोण काढणार, असं पुण्याच्या एका वितरकाने तोंडावर विचारलं होतं. आम्ही काढली, आणि आजही छापतोय.

त्या पहिल्या कादंबरीचं सविस्तर लिहायलाच हवं. 192 पानं, म्हणजे सोळापानी बारा फर्मे (एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापून घडी घातली की एक फर्मा). वाहिनीची अट होती, मुखपृष्ठावर नायक-नायिकेचा फोटोच हवा. आमच्या चित्रकाराने एअरब्रशने अंतराळस्थानक रंगवलं होतं, ते बाजूला ठेवावं लागलं. फोटोची कव्हरं छापून, लॅमिनेट होऊन आली आणि मालिका मध्येच बंद पडली. वितरकाने गठ्ठे परत पाठवले, भाडंही आमच्याच माथी मारलं. कागदवाल्याची उधारी होती, बाइंडरची होती. आमचं हायडलबर्ग छपाईयंत्र विकायची बोलणी सुरू झाली.

तारलं ते न बांधलेल्या सुट्या फर्म्यांनी. सगळा माल एकदम बांधायचा नाही, खपेल तसा बांधायचा, ही वडिलांची शिस्त. फोटोची कव्हरं रद्दीत गेली, फर्म्यांवर अंतराळस्थानक चढलं. चित्रकाराने मानधन विक्री झाल्यावर घेतलं, तेही हप्त्याने. तेव्हापासून त्याचं नाव आम्ही मलपृष्ठावर ठळक छापतो.

बार्शीकडच्या एका ब वर्ग वाचनालयाचे ग्रंथपाल, आमचे गुरुजी, तेव्हा दुकानात आले. "मालिका बंद पडली म्हणून गोष्ट बंद पडते का हो?" असं म्हणून त्यांनी मार्चअखेरच्या अनुदानाच्या खरेदीत आमची पुस्तकं घेतली आणि आसपासच्या वाचनालयांनाही घ्यायला लावली. हे उपकार आम्ही विसरणार नाही.

पुस्तक चालल्यावर एका मोठ्या प्रकाशनाने आमचीच मांडणी उचलली. तसंच वळणदार स्थानक, शीर्षकही त्याच कोपऱ्यात. पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. दुकानात दोन्ही पुस्तकं शेजारी दिसली की अजून रक्त तापतं. पण त्यांचं आकाश करडं आहे. एवढ्या मोठ्या भागावर नुसती काळी शाई फिकी पडते, खाली 40 टक्के सायन, म्हणजे निळसर शाई, द्यावी लागते. शिवाय काळ्या मॅट, म्हणजे बिनचमकीच्या कव्हरावर गठ्ठ्यात ओरखडे उठतात, म्हणून आम्ही चकचकीत ग्लॉसच वापरतो.

नव्या प्रकाशकांनी ऐकावं. 'स्टार वॉर्स'ची कादंबरी 1976च्या अखेरीस आली, चित्रपट 1977च्या मेमध्ये. तिच्या मुखपृष्ठावर राल्फ मॅक्वारी यांचं चित्र होतं, नटांचे फोटो नव्हते. नट बदलतात, मालिका संपते. चांगलं चित्र पुढच्या छपाईलाही उपयोगी पडतं. पुनर्मुद्रण करताना कागद बदलला तर पुस्तकाच्या कण्याची जाडी बदलते, जुनी कव्हर फाइल तशीच छपाईची प्लेट करायला पाठवू नका. आणि मजकूर तोच असेल तर ते पुनर्मुद्रणच, आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांकही तोच राहतो. त्याला 'नवी आवृत्ती' म्हणून मिरवणं ही वाचकाची फसवणूक आहे, मोठ्या नावाच्या प्रकाशनाने केली तरी.

या मार्चसाठी पुन्हा फर्मे छापायला घेतले आहेत. मालिका पुन्हा दाखवणार म्हणून एका वितरकाने फोटोचं कव्हर मागितलं होतं. त्याला नकार कळवला आहे.