डिझायर्ड काउंट कोणाचा?

टीममध्ये नवीन कोणी आलं की मी त्यांना आमच्या ईसीएस (ॲमेझॉनच्या क्लाउडवर कंटेनर चालवणारी सेवा) सर्व्हिसची टेराफॉर्म (क्लाउडवर काय हवं ते कोडमध्ये लिहून उभं करायचं साधन) फाइल वाचायला देते आणि एका ओळीपाशी थांबवते. लाइफसायकलमध्ये इग्नोअर चेंजेस, आणि त्यात डिझायर्ड काउंट. म्हणजे किती टास्क (चालत्या प्रती) हव्यात हा आकडा बाहेरून बदलला तरी टेराफॉर्मने तिकडे दुर्लक्ष करावं. ही ओळ का लागते हे ज्याला सांगता येतं, त्याला बाकीची फाइल समजावून द्यावी लागत नाही.

आमची सर्व्हिस बिलांच्या पीडीएफ बनवते. मुंबई रीजनमध्ये, फार्गेटवर, म्हणजे सर्व्हर स्वतः न सांभाळता. एरवी दोन टास्क पुरतात. महिनाअखेरीस ऑटोस्केलिंग (कामाच्या ओझ्याप्रमाणे टास्क वाढवणारी-घटवणारी सोय) तोच आकडा बारापर्यंत नेतं. समजा कोडमध्ये दोन लिहिलंय, ही ओळ नाही, आणि तीस तारखेला दुपारी कोणी लॉग ठेवायची मुदत वाढवण्यासाठी अप्लाय केलं, म्हणजे फाइलमधलं प्रत्यक्षात आणलं. टेराफॉर्म बाराचे दोन करून मोकळं होईल. त्याला तेच सांगितलेलं आहे. एका घरात दोन कारभारी असले की असंच होतं. म्हणून माझा आग्रह असतो की कोडमधल्या प्रत्येक व्हॅल्यूचा मालक आधी ठरवा. किमान आणि कमाल टास्क किती, हे कोड सांगेल. या क्षणी किती चालतायत, हे ऑटोस्केलिंग ठरवेल.

इमेजच्या (कंटेनर ज्यावरून बनतो त्या पॅकेजच्या) टॅगचंही तेच. पुष्कळ ठिकाणी पाइपलाइन (कोड आपोआप बिल्ड आणि डिप्लॉय करणारी साखळी) टास्क डेफिनिशनचं (टास्क कोणत्या इमेजवर, कसा चालवायचा याच्या वर्णनाचं) नवं रिव्हिजन स्वतः नोंदवते आणि टेराफॉर्म त्याकडे काणाडोळा करतं. चालतं ते. पण मला टॅग व्हेरिएबल म्हणून टेराफॉर्मलाच दिलेला आवडतो, आणि टॅग म्हणजे कमिटचा हॅश (कोडच्या त्या बदलाची वेगळी ओळखखूण). 'लेटेस्ट' नको, कारण नवी इमेज ढकलली तरी फाइलमधला मजकूर तोच राहतो, प्लॅनमध्ये (अप्लायआधी टेराफॉर्म दाखवतं त्या बदलांच्या यादीत) काहीच दिसत नाही आणि डिप्लॉयमेंट सुरूच होत नाही.

टास्क डेफिनिशन जागच्या जागी बदलत नाही, दर वेळी नवं रिव्हिजन बनतं. त्यामुळे प्लॅनमध्ये 'रिप्लेस' दिसलं की नवी मुलं दचकतात. दचकायचं कारण नाही, पण एक गोष्ट पाहून घ्यावी: टेराफॉर्म जुनं रिव्हिजन डीरजिस्टर, म्हणजे निष्क्रिय करतं, आणि निष्क्रिय झालेल्या रिव्हिजनवर सर्व्हिस पुन्हा हाताने नेता येत नाही. स्किप डिस्ट्रॉय ट्रू ठेवलं की जुनी रिव्हिजन्स शाबूत राहतात. रात्री दोन वाजता जुन्या रिव्हिजनवर परतायची वेळ आली की याची किंमत कळते.

सगळ्यात जास्त वेळ मी दोन रोलवर, म्हणजे कोणाला काय करायचे हक्क आहेत त्यावर घालवते. एक्झिक्युशन रोल ईसीएससाठी: ईसीआरमधून (इमेजच्या कोठारातून) इमेज ओढणं, क्लाउडवॉचला (लॉग साठवणाऱ्या सेवेला) लॉग पाठवणं, सीक्रेट (पासवर्डसारखी गुपितं) वाचून कंटेनरच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये घालणं. टास्क रोल आपल्या ॲप्लिकेशनसाठी: आमच्याकडे तो एका एसथ्री बकेटमध्ये (क्लाउडवरच्या फाइल-साठ्यात) पीडीएफ लिहितो, बस. घाईत एकच रोल दोन्हीकडे लावला की पीडीएफ बनवणाऱ्या कोडला ईसीएसपुरतेच असायला हवे होते ते हक्क मिळतात, आणि फाइल वाचणाऱ्याला कोणता हक्क कोणाला लागतो हे उमगत नाही. रिव्ह्यूमध्ये मी हे कधीच सोडत नाही.

स्टॉप टाइमआउट सांगितला नाही तर कंटेनरला सिगटर्मनंतर, म्हणजे 'आता थांब' या इशाऱ्यानंतर, काम आवरायला तीस सेकंद मिळतात. मोठं बिल अर्धवट तुटू नये म्हणून आम्ही फार्गेटची कमाल मर्यादा, 120 सेकंद, लावली आहे, आणि का, ते शेजारच्या कॉमेंटमध्ये लिहिलंय. कन्सोलमध्ये (ॲमेझॉनच्या वेबपानावर हाताने) हाच आकडा भरला असता तर हे कारण कुठे लिहिणार होतो?

आणखी एक. अप्लाय हिरवं झालं म्हणजे सर्व्हिस उभी राहिली असं नाही. ती उभी राहीपर्यंत टेराफॉर्म आपणहून थांबत नाही. सर्व्हिसची मागणी नोंदली गेली की त्याचं काम संपतं, मग टास्क सुरू होऊन पडत का असेनात. वेट फॉर स्टेडी स्टेट (सर्व्हिस स्थिर होईपर्यंत थांबणं) चालू करा आणि डिप्लॉयमेंट सर्किट ब्रेकर रोलबॅकसह लावा, म्हणजे फसलेलं डिप्लॉयमेंट थांबवून आधीच्या आवृत्तीवर परत नेलं जाईल. अप्लायला काही मिनिटं जास्त लागतील, पाइपलाइनवाले कुरकुर करतील. करू द्यात.