चांगले चालणारे यंत्र उघडले कशाला?

आमच्या घरी येणाऱ्यांची नजर टीव्हीखाली ठेवलेल्या सेगा मेगा ड्राइव्ह या काळ्या, जुन्या व्हिडिओ गेमच्या यंत्रावर गेली आणि त्याच्या पाठीमागे मी बसवलेला छोटा स्विच त्यांना दिसला, की प्रश्न ठरलेला असतो. चांगले चालणारे यंत्र उघडून त्यावर सोल्डरिंग कशाला केलेत, तेच खेळ आता मोबाइलवरही चालतात ना? तुम्हीही विचारलेत, म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

हे यंत्र माझ्या मामाने १९९३ मध्ये दुबईहून आणले. मेगा ड्राइव्ह जपानमध्ये २९ ऑक्टोबर १९८८ रोजी विक्रीला आला, पण मामाने आणलेला नग जपानी नव्हता, तो पाल या रंगीत प्रक्षेपणाच्या पद्धतीच्या टीव्हीसाठी बनवलेला होता. आपल्याकडे १९८२ मध्ये रंगीत दूरदर्शन आले तेही पाल पद्धतीचेच, त्यामुळे यंत्र आमच्या टीव्हीला जोडताच चित्र उमटले आणि कुणाला काही शंका येण्याचे कारणच उरले नाही. ते चांगले चालत नव्हते, हे मला कळायला पुढे वीस वर्षे गेली.

जपान आणि अमेरिकेतील टीव्हीवर चित्र सेकंदाला ६० वेळा रेखाटले जाई, तर युरोपात, आखाती देशांत आणि आपल्याकडे ५० वेळा. त्या काळातील बहुतेक खेळ वेळ मोजण्यासाठी वेगळे घड्याळ वापरत नसत. टीव्हीवरील एक चित्र पुरे झाले की पात्र एक पाऊल पुढे सरकवायचे, अशी त्यांची रचना असे. जपानमध्ये ६०च्या हिशेबाने लिहिलेला खेळ बदल न करता ५०वर चालवला, की तो सुमारे १७ टक्के मंदावतो, म्हणजे तेथे एका मिनिटात घडणारी गोष्ट आपल्याकडे ७२ सेकंद घेते. शिवाय पाल चित्रात ३१२ रेषा असतात आणि खेळ मात्र २२४ रेषांतच रेखाटलेला असतो, म्हणून वर आणि खाली काळे पट्टे राहतात आणि मधले चित्र चेपल्यासारखे दिसते. मी लहानपणी ते पट्टे खेळाचाच भाग समजत होतो.

वेग आणि पट्टे यांच्यापेक्षाही मला अस्वस्थ केले ते संगीताने. १९९१च्या ‘सोनिक द हेजहॉग’ या खेळाचे संगीत मासातो नाकामुरा यांचे आहे, आणि त्यातील पहिल्या टप्प्याची चाल मला झोपेतून उठवले तरी गुणगुणता येते. एकदा ती चाल मी जपानी यंत्रावर ऐकली आणि चमकलो, कारण सूर तेच होते, पण लय निराळी होती. यामागचे कारण समजल्यावर मला फार आनंद झाला. नाद निर्माण करणारी चिप यंत्राच्या मुख्य स्फटिकावर, म्हणजे ठरावीक गतीने ठोके देणाऱ्या क्वार्ट्झवर, चालते आणि त्या स्फटिकाची वारंवारता दोन्ही पद्धतींच्या यंत्रांत जवळपास सारखीच असते, म्हणून सूर ढळत नाही. पुढचा सूर कधी वाजवायचा हे मात्र टीव्हीच्या चित्रांवरून ठरते, म्हणून लय उतरते. कॅसेट हळू फिरली तर आवाजही जाड होतो आणि काहीतरी बिघडल्याचे कानाला लगेच कळते. येथे तसे कळण्याची सोयच नव्हती. वर्षानुवर्षे मी द्रुत लयीतील एक चीज मध्य लयीत ऐकत होतो आणि तीच तिची लय समजत होतो. (पुढच्याच वर्षी आलेल्या ‘सोनिक २’मध्ये पालसाठी संगीताची गती सुधारून घेतलेली आहे, खेळ मात्र मंदच राहिला.)

याचा इलाज यंत्राच्या पोटातच आहे. माझ्या पहिल्या मॉडेलच्या बोर्डवर ‘जेपी ३’ आणि ‘जेपी ४’ असे छापलेल्या दोन जोडण्या आहेत. चित्र तयार करणाऱ्या १२८ पायांच्या चिपचा ४६वा पाय त्यांतील एकीतून ५ व्होल्टला जोडला तर यंत्र ६०वर चालते, आणि दुसरीतून ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, जोडला तर ५०वर. करायचे एवढेच होते, की ग्राउंडकडे जाणारा बारीक ट्रॅक, म्हणजे बोर्डवरची तांब्याची रेघ, कापायचा, स्विचचा मधला पाय चिपकडे न्यायचा, एक कडेचा ग्राउंडला आणि दुसरा ५ व्होल्टला जोडायचा. हे ५ व्होल्ट मी आतल्या, स्थिर ५ व्होल्ट देणाऱ्या ७८०५ या रेग्युलेटरच्या तिसऱ्या पायावरून घेतले.

पुण्याच्या तपकीर गल्लीतून २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न, कथील-शिशाची तार, कथील नीट पसरवणारा फ्लक्स आणि वितळलेले कथील ओढून घेणारा सकर आणला, आणि आधी महिनाभर एका बंद पडलेल्या रेडिओच्या बोर्डवर हात बसवला. तरीही चूक झालीच. ग्राउंडचा तांब्याचा पत्रा पसरट असल्याने तो उष्णता ओढून घेतो आणि कथील लवकर वितळत नाही. मी धीर सोडून आयर्न दाबून धरला, आणि त्याच घाईत शेजारचा चिपकडे जाणारा पॅड, म्हणजे तार जोडायची तांब्याची टिकली, बोर्डवरून उचलला गेला. मामाचे यंत्र आपण मारले, असे वाटून मी ती रात्र तळमळत काढली. दुसऱ्या दिवशी मल्टीमीटरचा बीप ऐकत ट्रॅकचा माग काढला आणि तार थेट ४६व्या पायालाच जोडली. पॅड नीट राहिला असता, तर ही वाट नेमकी कुठून कुठे जाते हे मी कधी पाहिलेच नसते.

स्विच ६०कडे सरकवला आणि चित्र पडदाभर झाले, पण रंग गेले. सगळे चित्र एकाच तारेतून नेणाऱ्या कॉम्पोझिट केबलमधून जाणाऱ्या रंगाची वारंवारताही त्याच मुख्य स्फटिकापासून मिळते आणि माझ्या यंत्रातील ५३.२ मेगाहर्ट्झचा स्फटिक पालसाठी निवडलेला आहे. सुदैवाने या मॉडेलच्या मागच्या आठ पिनांच्या सॉकेटमधून लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग वेगवेगळे मिळतात. ते कॉम्पोनंट या टीव्हीच्या तीन तारांच्या जोडणीसाठी बदलून देणारा एक छोटा डबा मधे जोडला आणि रंग परत आले.

मोबाइलवर तोच खेळ योग्य वेगाने चालतो, हे मला मान्य आहे. मला मात्र माझ्याच हातातले यंत्र नीट चाललेले हवे होते.

मनात सल आहे तो स्विचसाठी पाडलेल्या सहा मिलिमीटरच्या भोकाचा. तारा काढता येतील, ट्रॅक पुन्हा जोडता येईल. ते भोक तेवढे राहणार. कायमची जोडणी करून यंत्र ६०वरच ठेवले असते तर भोकाची गरजच पडली नसती, आणि सुरुवातीला माझा बेत तोच होता. पण काम अर्धे झाले असताना मामा पाहायला आला. मी दोन तारा हाताने टेकवून खेळ ६०वर चालवून दाखवला. तो थोडा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “अरे, हे फार पळतंय. आपलं असं नव्हतं.” त्याचे वय आता ७१ आहे. तो आला की मी स्विच ५०कडे सरकवतो आणि कंट्रोलर त्याच्या हातात देतो.