मृगाच्या आत टीव्हीचा स्टँड

४ मे, रविवार

स्टँडची उंची घरातल्या बसण्यावरून ठरते. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून ३८ ते ४० इंचांवर येतात, सतरंजीवर मांडी घालून बसलं तर २८ ते ३०. ४३ इंची टीव्ही साधारण ३८ इंच रुंद नि २२ इंच उंच असतो, खाली त्याचे पाय दोन-अडीच इंच. म्हणजे २२ इंची स्टँडवर पडद्याचा मध्य ३५-३६ इंचांवर येतो आणि सोफ्यावरून मान ताठ करावी लागत नाही. ज्यांच्याकडे रात्रीचं जेवण-टीव्ही सगळं खालीच बसून चालतं, त्यांनी १६ इंचच उंची ठेवावी. टीव्हीचे पाय हल्ली दोन टोकांना असतात, म्हणून लांबी ठरवण्याआधी पायांमधलं अंतर टेपने मोजावं.

ठरलेलं माप: लांबी ४८ इंच, खोली १६, उंची २२.

५ मे

लाकूड. बेळगावच्या वखारीत नावं मराठीत सांगितली तरी चालतात, पण कानडी नावं माहीत असलेली बरी: ऐनाला मत्ती, शिसवीला बीटे. ऐन स्वस्त पडतो, मजबूतही आहे, पण वाळताना तडकतो आणि रंध्याचं पातं लवकर बोथट करतो. घरच्या शेडमध्ये हातहत्यारांनी काम करायचं तर सागवान घ्यावं. सागवान परवडत नसेल तर फणस. रंग पिवळा, काम सोपं, आणि वर्षभरात तो सुंदर तांबूस होतो.

हिशोब असा. पाय ४, प्रत्येकी २ × २ × २१ इंच. वरच्या लांब पट्ट्या २, साडे त्रेचाळीस इंच लांब, ३ इंच रुंद. आखूड पट्ट्या २, साडे अकरा इंच. खालच्या कप्प्यासाठी याच मापाच्या दोन लांब नि दोन आखूड, पण २ इंच रुंद. वरच्या फळीला साडेपाच इंच रुंद तीन तुकडे. सगळ्या पट्ट्या आणि फळ्या रंधून सात सूत जाड (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). नासाडी धरून दीड घनफूट पुरतं, पावणेदोन आणलं तर जीव टांगणीला लागत नाही. महाराष्ट्रातल्या चंदगडकडून सागवान आणणार असाल तर वनखात्याचा वाहतूक परवाना आणि बिल सोबत हवं.

फळीची कड बघून घ्यावी. कडेचा पांढरट भाग म्हणजे झाडाचा बाहेरचा थर. कीड आधी तिथे लागते, मग खाली पिठासारखी भुकटी पडलेली दिसते. तो भाग कापून टाकावा, रंग लावून लपवू नये.

११ मे, रविवार

लाकूड वाळलंय का, हे हात लावून कळत नाही. फळीच्या टोकापासून हातभर आत एक तुकडा कापावा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करावं, आकडा त्याच तुकड्यावर लिहावा आणि आठवड्याने परत तोलावा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तुमच्या शेडच्या हवेशी जुळलं. तोवर फळ्या जमिनीवर ठेवू नयेत. आपल्याकडच्या तांबड्या मातीत वाळवीला वाट सापडायला वेळ लागत नाही. खाली विटा, फळ्यांच्या मध्ये बोटभर जाडीच्या पट्ट्या, चारी बाजूंनी वारा.

ही घाई-विलंबाची सगळी कसरत पावसासाठी. बेळगावात जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की सागवानाची १६ इंच रुंदीची फळी आडवी जवळपास एक सूत फुगते आणि उन्हाळ्यात तेवढीच आत येते. लांबीत मात्र ती जवळजवळ हलत नाही. लोक स्क्रू जास्त मारून हे थोपवायला बघतात आणि फळी मधोमध उभी तडकते. लाकडाला हलायला जागा द्यायची, एवढं या स्टँडमध्ये सांभाळलं की बाकीच्या चुका निभावतात.

१८ मे, रविवार

पायांत भोकं, पट्ट्यांना कुसू, म्हणजे भोकात बसणारी टोकाची जीभ. पट्टी सात सूत जाड, तर कुसू तीन सूत जाड आणि सहा सूत लांब. इंचभर लांब काढण्याचा मोह होतो, पण दोन इंची पायात दोन बाजूंची भोकं आत एकमेकांना भिडतात आणि नेमका कोपरा कमकुवत होतो. आधी भोक पाडावं, मग त्याला बेतून कुसू करावा. कुसू रंध्याने छाटता येतो, भोक परत लहान करता येत नाही. हाताच्या दाबाने बसला पाहिजे; हातोडा लागला तर पाय चिरेल, आणि नुसता सरकून आत गेला तर चिकटवूनही ढिलाच राहील.

सागवान तेलकट असतं, त्यामुळे जोडाच्या जागा थिनरच्या फडक्याने पुसून लगेच फेविकॉल लावावा. आधी दोन आखूड बाजू जोडून रात्रभर शिकंज्यात (दाबून धरणाऱ्या क्लॅम्पमध्ये), मग दुसऱ्या दिवशी लांब पट्ट्या. घट्ट करताना दोन्ही कर्ण मोजावेत. एक सूतभर जास्त निघाला तर त्याच कर्णावर शिकंजा लावून ओढावं. फेविकॉल सुकल्यावर ही चूक सुधारत नाही, आणि चौकट तिरकी राहिली की स्टँड आयुष्यभर एका पायावर डुलतो.

२५ मे

वरची फळी. तिन्ही तुकडे एकमेकांना चिकटवावेत, पण चौकटीला वर फळी चिकटवू नये. पुढच्या पट्टीतून स्क्रू सरळ घट्ट. मागच्या आणि दोन्ही आखूड पट्ट्यांना मात्र भोकं लांबट पाडावीत, फळी जिकडे फुगते त्या दिशेने, आणि स्क्रूखाली वायसर. मग पुढची कड जागच्या जागी राहते आणि फुगवटा मागे भिंतीकडे जातो. आठ नंबरच्या स्क्रूसाठी आधी तीन मिलिमीटरचं भोक. त्याशिवाय सागवानात स्क्रूचं डोकं तुटतं.

खालच्या कप्प्याला १८ मिलिमीटरचा बीडब्ल्यूआर, म्हणजे ओल सोसणारा, प्लाय वापरावा. प्लाय हवेने हलत नाही, म्हणून तो चौकटीत चिकटवला तरी चालतो. आधार नसलेल्या कप्प्याची लांबी दुप्पट केली तर त्याच वजनाला झोळ आठपट पडतो. ४२ इंचांना नुसता प्लाय टिकत नाही, खालच्या त्या दोन इंची पट्ट्या त्यासाठीच उभ्या ठेवल्या आहेत.

मागची बाजू पूर्ण उघडी राहू द्यावी. सेट-टॉप बॉक्स बंद खोक्यात तापतो, आणि वळवाच्या विजांच्या वेळी प्लग चटकन काढायला हात मागे जायला हवा.

१ जून, रविवार

पॉलिश पेपर ८०, १२०, १८०, २२०, प्रत्येक वेळी रेषांच्या दिशेने. नाकावर मास्क; सागाच्या भुशाने शिंका येतात आणि अंगाला खाज सुटते. एक लिटर स्पिरिटला २०० ग्रॅम चपडा लाख रात्रभर भिजवावी, गाळून घ्यावी, पातळ चार हात. फळीच्या खालच्या बाजूलाही तेवढेच हात द्यावेत, नाहीतर एकीकडून ओल शिरून फळी पन्हळीसारखी वाकते. हे काम मृग निघायच्या आत उरकावं. पावसाळी हवेत लाखेवर पांढरं धुकं उतरतं. तसं झालं तर कोरड्या दुपारी स्पिरिटचा हलका हात फिरवावा, बहुतेक वेळा निघून जातं.

लहान मुलं असतील तर टीव्हीच्या मागच्या भोकातून पट्टा घेऊन भिंतीतल्या हुकाला बांधावा. स्टँड भिंतीपासून अर्धा इंच पुढे.