नाव सांगून गाणं ऐकवणं : आमची वाटचाल

आमचा मूळ धंदा साउंड भाड्याने देण्याचा. लग्नं, गणेशोत्सव, ऑर्केस्ट्रा, शाळांची संमेलनं. जागरण-गोंधळाची कामंही यायची आणि तिथे एक गोष्ट मला फार खटकायची. गाणारा, संबळ, तुणतुणं आणि झांज या सगळ्यांना मिळून एकच माइक, तोही गाणाऱ्याच्या तोंडाशी. झांज सगळ्यांवर चढायची, तुणतुणं तर ऐकूच यायचं नाही. पत्रिकेवर कलावंताचं नावही नसायचं, नुसतं ‘गोंधळ पार्टी’.

माझा धाकटा भाऊ गिटार वाजवतो. गिटार, बासरी, काहोन (वर बसून हातांनी वाजवायची लाकडी पेटी) आणि दोन गळे एवढाच त्यांचा बँड. त्यांना प्रत्येक ठिकाणी विचारणा व्हायची, की ड्रम नाहीत का, ट्रॅक, म्हणजे आधीच मुद्रित केलेली साथ, का नाही लावत? गोंधळी आणि हा बँड यांची अडचण एकच होती. दोघांनाही शांत जागा हवी होती आणि हे कोण आहेत ते नीट सांगणारं कुणीतरी हवं होतं. ते काम आपण करायचं, असं आम्ही दोघा भावांनी ठरवलं. मोठे स्पीकर हळूहळू विकले आणि शंभरेक खुर्च्यांच्या सभागृहांत छोट्या बैठकी सुरू केल्या.

आधी आवाजाचं शिक्षण झालं. संबळाची दोन भांडी असतात, एक उंच स्वराचं आणि एक खर्जाचं, म्हणून प्रत्येकाला वेगळा माइक. दिमडी बोटांनी वाजते, माइक अगदी चिकटवला की नुसती थाप ऐकू येते, वीतभर लांब ठेवला की कातड्याची गुंज मिळते. तुणतुण्याला आम्ही कंडेन्सर माइक लावतो. त्याला मिक्सरमधून ४८ व्होल्ट द्यावे लागतात आणि तो बारीकसारीक सगळं टिपतो. अर्थात स्पीकर मोठा ठेवलात तर तोच माइक शिट्टी मारतो, म्हणून आवाज कमीच ठेवायचा. पावसाळ्यात डफ आणि दिमडीचं कातडं सैल पडतं. ते शेकायला वेळ हवा, तो कार्यक्रमाच्या वेळापत्रकात धरलेला असतो. अर्ध्या तासात साउंड चेक उरका म्हणणाऱ्या आयोजकाबरोबर आम्ही काम करत नाही.

ओळख करून देण्यावर आमचे सर्वांत जास्त कष्ट जातात. कार्यक्रमाआधी आम्ही कलावंताच्या घरी जाऊन बसतो. कुणाकडून शिकलात, हे पद कोणत्या प्रसंगी म्हणतात, झील कोण धरतं, म्हणजे मागून साथीला कोण गातं, हे विचारून घेतो. गोंधळात सुरुवातीला आवाहन असतं. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा अशी एकेका देवाला नाव घेऊन गोंधळाला यायची हाक दिली जाते. शहरातल्या श्रोत्याला हे आधी दोन वाक्यांत सांगितलं, की तो त्या नावांची वाट बघत ऐकतो. न सांगता तेच ऐकवलं तर तो मोबाइल काढतो. रात्रभर चालणारा विधी पाऊण तासात बसवायचा तर काय ठेवायचं, हे कलावंतच ठरवतात. काही वाघ्या-मुरळी विधीतली काही पदं मंचावर म्हणत नाहीत. तिथे आम्ही आग्रह धरत नाही.

फ्यूजनची घाई मला पटत नाही. एका बैठकीत दोन्ही प्रकार असले तरी आधी प्रत्येकाने आपापलं गावं. नंतर एकत्र बसावंसं वाटलंच, तर सूर गोंधळ्याच्या गळ्याचा, गिटारवाल्याने कॅपो (तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) लावून तिथे यायचं. नाथांचं भारूड गाणाऱ्या बँडला आम्ही विचारतो, ही चाल कुणाच्या तोंडून घेतली? ते नाव निवेदनात येतंच.

रेकॉर्डिंग सुरू केलं तेव्हा कायदा वाचावा लागला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ मध्ये कलावंताच्या सादरीकरणाचा हक्क आला आणि २०१२ च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरातल्या रॉयल्टीचा. म्हणजे गीत पारंपरिक असलं, तरी ते गाणाऱ्याचा हक्क त्याचा स्वतःचाच. हे कित्येक ज्येष्ठ कलावंतांना कधी कुणी सांगितलेलंच नव्हतं. कुणीही यावं, मोबाइलवर टिपून न्यावं आणि स्वतःच्या चॅनलवर टाकावं, असं चाललेलं. आमचा करार मराठीत असतो आणि सहीआधी मोठ्याने वाचून दाखवतो. ध्वनिमुद्रण कलावंताच्या मालकीचं, आम्हाला ठरावीक मुदतीची परवानगी. प्रत्येक मुद्रणाला आयएसआरसी, म्हणजे त्या मुद्रणाची जगभर चालणारी ओळख असलेला बारा अक्षर-अंकांचा क्रमांक घेतो आणि त्यापुढे झील धरणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं भरतो.

बिदागीतली अर्धी रक्कम तारीख पक्की होताच देतो, उरलेली मंचावरून उतरल्यावर लगेच. नवरात्रात गोंधळी आणि चंपाषष्ठीच्या सुमाराला वाघ्या-मुरळी आपापल्या देवाच्या कामात असतात, तेव्हा आम्ही त्यांना बोलावत नाही. ते दिवस बँडचे.

सध्या चौंडकं वाजवणाऱ्यांचं मुद्रण हाती घेतलं आहे. एकाच वाद्यात तारही आणि कातडंही, त्यामुळे माइक कुठे लावावा याचे प्रयोग अजून चालू आहेत. नव्या बँडना आमचं सांगणं एवढंच, की आम्हाला स्टुडिओतलं घोटीव गाणं नको. खोलीत बसून एका दमात गायलेलं, मोबाइलवर टिपलेलं एक गाणं पाठवा, आणि ते कुणाकडून शिकलात ते चार ओळींत लिहा.