बीआरबी, टीटीवायएल आणि शि. सा. न. वि. वि.

आज संध्याकाळी बाबांना घेऊन तलावपाळीला गेलो होतो. कट्ट्यावर टेकल्या टेकल्या त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. फॅमिली ग्रुपवर नातीचा मेसेज: 'बीआरबी, टीटीवायएल'.

"या काय नवीन बँका आहेत का रे?" (जन्म बँकेत गेला, दुसरं काय सुचणार!)

म्हटलं, बीआरबी म्हणजे बी राइट बॅक, आलेच. टीटीवायएल म्हणजे टॉक टू यू लेटर, मग बोलू.

"पूर्ण लिहायला पैसे पडतात का?"

एकेकाळी पडायचे की! एसएमएसला १६० अक्षरांची मर्यादा, देवनागरीत लिहिलं तर जेमतेम ७०. त्यात दिवाळीला नेमका फ्री पॅक बंद. पण ही खोड मोबाईलच्याही आधीची. 'ओएमजी' (ओ माय गॉड) ब्रिटिश अ‍ॅडमिरल लॉर्ड फिशरनं १९१७ साली चर्चिलला लिहिलेल्या पत्रात आहे.

बाबा खूश. "मग आमचं शि. सा. न. वि. वि. काय वाईट होतं?" खरंच की. शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष, ता. क., चि. सौ. कां., सगळं आपल्याकडे होतंच. त्यांनी लगेच ग्रुपवर 'क. लो. अ.' (कळावे, लोभ असावा) टाकलं. नातीकडून नुसती प्रश्नचिन्हं.

मला बीआरबीचा त्रास नाही. डोक्यात जातो तो ऑफिसच्या ग्रुपवर संध्याकाळी सहाला येणारा 'एएसएपी', म्हणजे शक्य तितक्या लवकर. आणि आपण चार ओळी मन लावून टाईप कराव्यात, तर समोरून नुसतं 'के'. अरे, निदान 'ओ' तरी लावा!