डिस्कला हात न लावणारी लायब्ररी

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. आमची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमरांनी आपल्या अ‍ॅपमध्ये वापरायचा तयार कोड, लाइटनिंगसाठी आहे: बिटकॉइनवरची झटपट पेमेंटची व्यवस्था. तिथे दोघांमध्ये एक चॅनल असतं, सामायिक खात्यासारखं, आणि त्यात कुणाचे किती ही त्याची ‘स्थिती’ दर पेमेंटला बदलते. महिन्याकाठी दोघं-तिघं तरी विचारतातच: “लाइटनिंगचा अख्खा प्रोटोकॉल लिहिलात, मग चॅनलची स्थिती साठवायचं तेवढं आमच्या गळ्यात का मारलंत?” काही जण पुढे ‘आळस’ हा शब्दही जोडतात. (‘यूपीआय फुकट असताना हे कशाला’ हा प्रश्न आमच्या घरचा, त्याचं उत्तर पुन्हा कधीतरी.)

आळस नव्हता हो. एलएनडी किंवा कोअर लाइटनिंग ही तयार सॉफ्टवेअर घेतलीत की डेटाबेससकट पूर्ण नोड, म्हणजे नेटवर्कमध्ये चालणारा अख्खा प्रोग्रॅम, मिळतो. तो आम्हाला बनवायचाच नव्हता. फोनवर वॉलेट करणाऱ्याला ब्लॉकचेनची पूर्ण प्रत परवडत नाही, सर्व्हरवाल्याला पोस्टग्रेस हा डेटाबेस हवा असतो, तिसऱ्याच्या सहीच्या गुप्त किल्ल्या वेगळ्याच यंत्रात असतात. म्हणून आमची लायब्ररी सॉकेट उघडत नाही, थ्रेड काढत नाही, फाइलला शिवत नाही. चॅनलची स्थिती बदलली की तुमच्या फंक्शनच्या हातात बाइट्स ठेवते. तुम्ही ‘झालं’ म्हणालात की ती समोरच्याला आधीच्या स्थितीचं गुपित देऊन टाकते. तिथून पुढे ती जुनी स्थिती तुमच्यावरच उलटू शकते: ती वापरलीत तर त्या गुपिताच्या जोरावर समोरचा चॅनलमधली सगळी रक्कम उचलू शकतो.

2019 साली हे मला फार देखणं वाटायचं. किती, ते आता सांगायलाही लाज वाटते.

मग एका रात्री एक इश्यू, म्हणजे लायब्ररीच्या पानावर नोंदवलेली तक्रार, आला. शीर्षक दोन शब्दांचं: पैसे गेले. दूरदेशीचा एक मुलगा, एकट्याने वॉलेट लिहिणारा. आमचं फंक्शन बाइट्स द्यायचं, तो ते रांगेत टाकायचा, लगेच ‘झालं’ म्हणायचा, आणि फाइल मागाहून सावकाश लिहिली जायची. स्क्रीन अडकू नये म्हणून. ते वॉलेट वापरणाऱ्या एका बाईंच्या फोनमध्ये अँड्रॉइडने अ‍ॅप मध्येच मारलं आणि रांग गेली. पुन्हा उघडल्यावर वर आली ती तीन पेमेंट आधीची स्थिती. समोरच्या नोडशी जोडणी झाली असती तरी निभावलं असतं, आपण मागे पडलोय हे तिथे कळतं. पण नेटवर्क नव्हतं, आणि बाई घाबरल्या. त्यांनी वाट पाहून शेवटी वायफायवर येताच पहिलं काम केलं ते ‘जबरदस्तीने चॅनल बंद करा’ दाबण्याचं. जुन्या स्थितीचा व्यवहार ब्लॉकचेनवर गेला. पुढच्याच ब्लॉकमध्ये समोरच्या नोडने सगळी रक्कम उचलली, बाईंचा वाटा धरून. 21 लाख सॅटोशी, म्हणजे बिटकॉइनचा जेमतेम पन्नासावा भाग. मुलाने ते खिशातून भरले.

समोरच्या नोडने चोरी केली नाही. दंडाची ही तरतूद लाइटनिंगची कल्पना मांडणाऱ्या पून आणि ड्रायजा यांच्या 2016 च्या मांडणीतच आहे. तो बिनमाणसाचा प्रोग्रॅम होता आणि त्याने आपलं काम चोख केलं.

माझंही काम मी चोख केलं. ‘बाइट्स टिकाऊपणे लिहिले गेल्याशिवाय होकार देऊ नये’ असं डॉक्युमेंटेशनच्या चौथ्या परिच्छेदात होतं. त्या ओळीची लिंक चिकटवली आणि इश्यू बंद केला. अकरा मिनिटांत. त्या मुलाचं उत्तर आलं: “वाचलं होतं. मला वाटलं, मी घेतलं म्हणजे झालं.”

त्यानंतर त्याने काहीच लिहिलं नाही. ते अ‍ॅपही पुढे दिसलं नाही.

मी चिडले होते, हे खरं. फुकट काम, रात्रीची वेळ, आणि वर बोल आपल्यालाच. पण ज्या एका शब्दावर लोकांचे पैसे टांगले होते, तो शब्द मी ‘झालं’ असा ठेवला होता. स्वयंपाक झाला, आंघोळ झाली, तसं झालं.

मग फाइलमध्ये साठवणारं एक वेगळं पॅकेज लिहायला घेतलं. दोन दिवसांचं काम समजून बसले, तीन आठवडे गेले. आधी तात्पुरती फाइल लिहायची, तिला एफसिंक (मजकूर खरोखर डिस्कवर उतरवायला लावणारी आज्ञा), मग नाव बदलायचं. आणि लिनक्सवर त्यानंतर डिरेक्टरीलाही एफसिंक लागतं, नाहीतर वीज गेल्यावर नवं नाव जागेवर सापडेलच असं नाही. विंडोजचं तंत्र निराळंच. ‘तेवढं तुमचं तुम्ही बघा’ म्हणताना मी त्या पोराच्या माथी काय मारलं होतं, ते तेव्हा कळलं.

तरीही ते पॅकेज मी मूळ लायब्ररीत घेत नाही. आयती सोय दिली की तो फोल्डर कुणीतरी क्लाउडवर टाकणार, नवा फोन घेणार, जुनी प्रत हौसेने परत आणणार. इतरत्र जुना बॅकअप नसण्यापेक्षा बरा. इथे नसलेला परवडला. 2019 ची मी याच मुद्द्यावर टाळ्या वाजवेल, आणि तिची टाळी ऐकली की मला माझाच संशय येतो.

आता फंक्शनला ‘अजून लिहितोय’ असं उत्तरही देता येतं. तोवर गुपित बाहेर जात नाही, चॅनल थांबून राहतं. ‘झालं’चं नाव बदलून ‘डिस्कवर उतरलं’ करावं, असा एक प्रस्ताव मात्र वर्षभर पडून आहे. जुन्या वापरकर्त्यांचा कोड मोडेल म्हणून त्याला विरोध करणारी मीच.